पावसाळ्यात पटातच अडकून बसणाऱ्या सोंगट्या: कारण कसे ओळखावे आणि रचना कशी बदलावी

ज्या पटाच्या सोंगट्या पटातच बसवलेल्या असतात, त्याच्याकडून खेळणाऱ्याची अपेक्षा साधी असते: सोंगटी हरवू नये, आणि तरीही चिमटीत धरताच ती सहज निघावी. नवकंकरी या दोघांनी खेळायच्या बैठ्या खेळाचे असे सागवानी पट मी पुण्यात बनवतो. एकात एक तीन चौकोन, त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेषा, अशा मिळून होणाऱ्या २४ जागांवर एकेक भोक, दोन्ही खेळाडूंच्या नऊ-नऊ सोंगट्यांना खालून खुंटी, आणि खेळ नसताना त्या ठेवण्यासाठी पटाच्याच दोन कडांना नऊ-नऊ भोकांची रांग, अशी त्यांची रचना आहे. एप्रिल-मे महिन्यांत हे पट उत्तम चालतात. आषाढ लागला की कोकणातून फोन येऊ लागतात, आणि तक्रार दरवर्षी एकच असते: सोंगट्या निघत नाहीत. एक पट रत्नागिरीहून परत आला तेव्हा त्याच्या १८ सोंगट्यांपैकी ११ जागच्या हलत नव्हत्या आणि एकीचे डोके पकडीने ओढताना तुटून गेले होते. खेळण्यासाठी दिलेली वस्तू घरात कोणाला खेळता येत नाही, याचे मला फार वाईट वाटले.

या तक्रारीवर बहुतेक जण एकच उपाय करतात, आणि सुरुवातीची काही वर्षे मीही तोच करत होतो: खुंटी काढायची, पॉलिश पेपरने घासायची आणि सैल करून परत द्यायची. पावसाळा त्याने निभावतो. पुढे माघ-फाल्गुनात त्याच खुंट्या भोकात डुगडुगतात, सोंगट्या कलतात, आणि पट जरा तिरका झाला की घरंगळून पडतात. मग कोणी खुंटीला कागद गुंडाळतो, कोणी मेणाचा जाड थर देतो, आणि पुढच्या पावसाळ्यात खुंटी पुन्हा अडकते. समस्या फिरून येण्याचे कारण असे की घासण्याने खुंटीची जाडी बदलते, पण खरा दोष जाडीत नसतोच. तो लाकडाच्या दिशेत असतो.

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते तिन्ही दिशांना सारखे फुगत नाही, ही गोष्ट मात्र पट बनवताना सहज नजरेआड होते. धाग्यांच्या, म्हणजे लाकडातल्या उभ्या तंतूंच्या, लांबीच्या दिशेने त्याची वाढ इतकी थोडी असते की आपल्या कामात ती शून्य मानावी. धाग्यांच्या आडव्या दिशेने ते फुगते, आणि तिथेही दोन प्रकार आहेत. ओले लाकूड पूर्ण कोरडे होईपर्यंत सागवान वार्षिक वलयांच्या कडेने सुमारे ५.८ टक्के आटते, तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्केच आटते. सागवान हे कमी हलणारे लाकूड समजले जाते आणि ते खरेही आहे, पण सुताराला खिडकीत जे चालते ते आठ मिलिमीटरच्या खुंटीत चालेलच असे नाही.

हिशोब करून पाहू. हवेतील आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास असताना लाकडात साधारण ७ ते ८ टक्के ओलावा राहतो. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली आणि बराच काळ तिथेच राहिली तर तो १७ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यात कातलेली खुंटी कोकणच्या पावसाळ्यात गेली की तिच्या ओलाव्यात सुमारे १० टक्क्यांचा फरक पडतो. या फरकाने आठ मिलिमीटरची सागवानी खुंटी एका बाजूने जवळजवळ ०.१५ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने ०.०७ मिलिमीटर वाढते, म्हणजे ती गोल न राहता किंचित लंबगोल होते. भोकाचेही तसेच होते. पुष्कळांची समजूत अशी असते की लाकूड फुगले की भोक सगळीकडून लहान होते. प्रत्यक्षात मोकळ्या फळीतले भोक फळीबरोबरच वाढते, परंतु केवळ धाग्यांच्या आडव्या दिशेने. धाग्यांच्या लांबीच्या दिशेने ते आहे तेवढेच राहते. त्यामुळे लंबगोल झालेली खुंटी आणि लंबगोल झालेले भोक जर एकमेकांना आडवे आले, तर अडकण्याची जागा नेमकी ठरलेली असते: भोकाच्या त्या दोन बाजू, ज्यांच्याकडे फळीचे धागे धावतात.

हे डोळ्यांनी पाहता येते. त्या परत आलेल्या पटाची एक खुंटी निघाल्यावर मी तिला सर्व बाजूंनी मऊ शिसपेन्सिल फासली, पुन्हा भोकात घातली, जरा दाबली आणि बाहेर काढली. खुंटीभोवती पेन्सिलीचा करडा थर जसाच्या तसा होता, मात्र समोरासमोरच्या दोन अरुंद पट्ट्या घासून चकाकत होत्या. ती खुंटी ज्या स्थितीत बसली होती त्याच स्थितीत फळीवर धरून पाहिली, तर दोन्ही पट्ट्या बरोबर धाग्यांच्या ओळीत आल्या. मग तीच खुंटी पाव फेरा फिरवून घातली. ती अलगद आत गेली आणि तशीच बाहेर आली. त्या दिवसापासून मी खुंट्या घासणे बंद केले.

अडकलेल्या पटाची तपासणी करताना म्हणून पहिला प्रश्न “किती अडकल्या?” हा नसून “कोणत्या अडकल्या, कधी अडकल्या आणि कोणत्या बाजूने?” हा असावा. सोंगट्या कुठेही, विखुरलेल्या जागी अडकल्या असतील आणि पाव फेरा दिल्यावर सुटत असतील, तर कारण वर सांगितलेले आहे. पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात त्रास सर्वांत जास्त आणि नंतर थोडा कमी होत असेल, तर तेही याच कारणाकडे बोट दाखवते, कारण खुंटी बारीक असते, तिची कापलेली टोके उघडी असतात आणि ती ओलावा झटकन घेते, तर पॉलिश केलेली १८ मिलिमीटरची फळी कित्येक आठवडे मागे राहते. या मधल्या काळात खुंटी फुगलेली असते आणि भोक अजून उन्हाळ्यातलेच असते.

पण सगळ्या सोंगट्या बाहेरच्या चौकोनावरच अडकत असतील आणि आतल्या चौकोनावर मोकळ्या राहत असतील, तर खुंटीला हात लावू नये. तिथे दोष पटाच्या बांधणीत आहे. वर सागवानी फळी आणि खाली प्लायवूड, आणि भोक दोन्हींतून गेलेले, अशी रचना अनेक जण करतात, कारण ती मजबूत वाटते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते जवळजवळ हलत नाही. वरची फळी मात्र मध्यापासून दोन्हीकडे पसरते. बाहेरचा चौकोन मध्यापासून १२० मिलिमीटर दूर असेल, तर वर सांगितलेल्या ओलाव्याच्या फरकाने तिथले वरचे भोक खालच्या भोकापासून दोन मिलिमीटरांहूनही अधिक सरकू शकते, आणि आतल्या चौकोनाजवळ तोच फरक त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका असतो. खुंटी वरून सरळ जाते आणि खालच्या भोकाच्या कडेवर चावते. फळी प्लायवूडला पूर्ण डिंकाने चिकटवली असेल तर ती सरकू शकत नाही, आणि मग पट वाकतो किंवा उन्हाळ्यात तडकतो. भोक एकाच फळीत असावे, आणि आधाराची फळी फक्त मध्यरेषेवर चिकटवून कडांना लांबट भोकांतून स्क्रूने धरावी, म्हणजे वरच्या फळीला हलण्याची मुभा राहते.

सोंगटी उन्हाळ्यात अडकत असेल, तर गोष्ट उलटी आहे: तो पट पावसाळ्यात, ओलसर लाकडात भोके पाडून बनवलेला आहे आणि आता भोके आडवी आटली आहेत. सोंगटी अडकत नसून चिकटत असेल, ओढताना हलका चरचर आवाज येत असेल, तर भोकात पॉलिश गेले आहे आणि ते दमट हवेत मऊ पडले आहे. चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशमध्ये हे विशेष दिसते, आणि नीट न वाळलेल्या जवसाच्या तेलातही. अशा वेळी घरातील मंडळी हमखास कॅरमची पावडर टाकतात. ती कॅरमच्या गुळगुळीत फळीवर चांगली, पण अरुंद भोकात ओलावा आणि पॉलिश यांच्याशी मिळून तिचा लगदा होतो आणि खुंटीभोवती तो घट्ट बसतो. सोंगटी दाबल्यावर पुन्हा वर उचलली जात असेल आणि ओढताना आत कोणी धरून ठेवल्यासारखे वाटत असेल, तर भोक खालून बंद आहे आणि आतली हवा अडली आहे. भोकाच्या तळाला दीड-दोन मिलिमीटरचे आरपार छिद्र पाडले की हा त्रास थांबतो, शिवाय धूळही खाली गळून जाते.

आत्ता, याच घडीला, अडकलेली सोंगटी कशी सोडवावी? पकड वापरू नये, डोके तुटते. आधी पाव फेरा द्यावा, आणि तो देताना ओढू नये, फक्त फिरवावी. भोक आरपार असेल तर खालून बारीक काडीने हलके ठोकावे. तेवढ्याने न निघाल्यास पट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर चार-पाच दिवस ठेवावा, किंवा वातानुकूलित खोलीत उभा ठेवावा. उन्हात मात्र कधीही ठेवू नये, कारण वरची बाजू आधी वाळते, फळी वाटीसारखी वळते आणि एका तक्रारीच्या दोन तक्रारी होतात. खोबरेल तेल सोडण्याचा मोह टाळावा. तेल धूळ धरते आणि कालांतराने चिकट होते. सुतार खणांना साबण चोळतात तो इथे नको, कारण साबण स्वतःच ओलावा ओढतो. साध्या मेणबत्तीचे मेण खुंटीवर चोळून कापडाने पुसून टाकावे. इतका पातळ थर पुरेसा असतो.

पुढचा पट बनवताना बदल कुठे करायचा, हा खरा प्रश्न आहे. लाकडी खुंटीच ठेवायची असेल, तर लाकूड आधी १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत येऊ द्यावे, म्हणजे ते दोन्ही टोकांच्या ऋतूंच्या मधोमध राहते. पिनांचा मॉइश्चर मीटर फार महाग नसतो आणि अंदाजापेक्षा तो कितीतरी भरवशाचा आहे. भोक गोल पाडून झाल्यावर बारीक गोल कानशीने फक्त धाग्यांच्या दिशेच्या दोन बाजू प्रत्येकी ०.१ मिलिमीटरने मोकळ्या कराव्यात. आडव्या बाजूंना हात लावू नये, कारण सोंगटीला सरळ उभी धरण्याचे काम त्याच करतात. खुंटी निमुळती करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण थोडीशी निमुळती खुंटी पाचरीचे काम करते आणि जितकी दाबाल तितकी घट्ट होते. खुंटी सरळ असावी, टोक किंचित गोलसर असावे, आणि सोंगटीचे वजन खुंटीवर नव्हे तर फळीवर टेकणाऱ्या तिच्या खांद्यावर यावे.

तरीही माझे मत असे झाले आहे की दमट प्रदेशात जाणाऱ्या पटाला लाकडी खुंटी देऊच नये. सोंगटीचे डोके लाकडाचे ठेवावे, त्याचा रंग, त्याचे कातकाम, हातातला त्याचा ऊबदार स्पर्श यांना तोड नाही. पण खाली तीन मिलिमीटर जाडीची पितळी सळई इपॉक्सीने बसवावी. पितळ ओलाव्याने फुगत नाही. फळीतील भोक लांबीच्या दिशेने तेवढेच राहते आणि आडवे वाढलेच तर वाढते, त्यामुळे पावसाळ्यात अडकण्याला कारणच उरत नाही, आणि तीन मिलिमीटरच्या भोकाचे उन्हाळ्यातले आटणे इतके थोडे असते की भोक ३.२ मिलिमीटरचे पाडले तर ते जाणवत नाही. लोखंडी खिळ्याचा तुकडा स्वस्त पडतो, पण दमट सागवानात लोखंडाभोवती काळा डाग उमटतो आणि गंज चढला की तो खिळा लाकडी खुंटीपेक्षा वाईट अडकतो. सळईचे कापलेले टोक कानशीने गोल करावेच, कारण हा खेळ मुलांच्या हातात जातो. खर्च वाढतो हे खरे आहे, मात्र दर पावसाळ्यात परत येणाऱ्या पटाचा खर्च त्याहून मोठा असतो.

याच पटाच्या कडेला काही जण गुण मोजण्यासाठी सरकती गुंडी बसवतात, खाचेत अडकवलेली, जी कधी बाहेर पडतच नाही. तिच्या तक्रारीही त्याच मुळातून येतात, फक्त चेहरा वेगळा असतो. फळीतच कोरलेली खाच धाग्यांना आडवी असेल, तर तिची रुंदी धाग्यांच्या लांबीवर अवलंबून राहते, म्हणून ती बदलत नाही, आणि आत सरकणारी गुंडी फुगून अडकते. खाच धाग्यांच्या बाजूने असेल तर ती फळीबरोबर थोडी रुंदावते आणि गुंडी मोकळी राहते. पण तीच खाच प्लायवूडवर दोन पट्ट्या चिकटवून केली असेल, तर पट्ट्या फुगून आतल्या बाजूला येतात आणि खाच अरुंद होते. एकाच पावसाळ्यात, एकाच लाकडाच्या दोन पटांत उलट वागणूक दिसते ती यामुळे. उपाय एकच आणि सोपा आहे: गुंडी कापताना तिचे धागे खाचेला आडवे ठेवावेत. मग तिची रुंदी धाग्यांच्या लांबीत येते आणि ऋतू कोणताही असला तरी बदलत नाही. खाचेचे माप मात्र उन्हाळ्यातल्या अरुंदपणाला पुरेल इतके घ्यावे. फळीच्या दोन्ही बाजूंना सारखेच हात पॉलिश द्यावे, कारण फक्त वरून पॉलिश केलेली फळी खालून ओलावा घेते, वळते आणि लांब खाच मधोमध गुंडीला पकडते.

खाचेचा हा प्रकार नवकंकरीच्या सोंगट्यांसाठी वापरावा का, असे मला अनेकदा विचारले जाते. वापरू नये. या खेळात सोंगटी सुरुवातीला कोणत्याही रिकाम्या जागी ठेवायची असते, तीन ओळीत आल्यावर समोरच्याची सोंगटी उचलायची असते, आणि खाचेत कैद असलेल्या सोंगट्यांना एकमेकींना ओलांडून जाता येत नाही. जिथे सोंगटी एकाच रेषेवर पुढेमागे जाते किंवा नुसती उलटते-पालटते, तिथे खाच शोभते. वाघ-बकरीतही ती निरुपयोगी आहे, कारण वाघाला उडी मारायची असते.

चुंबकाचा मार्ग फुगण्याच्या प्रश्नातून पूर्ण सुटका देतो, पण त्याच्या अडचणी स्वतंत्र आहेत. जागा जवळजवळ असल्या तर शेजारच्या सोंगट्या एकमेकींना खेचतात, ध्रुव उलटा बसला तर सोंगटी जागेवर टिकतच नाही, आणि डिंक सुटून लहान चुंबक निखळले व मुलाने दोन गिळले तर आतड्यांना गंभीर इजा होऊ शकते. लहान मुले असलेल्या घरांसाठी मी चुंबक वापरत नाही.

शेवटी चाचणी. नवी रचना पावसाळ्याची वाट पाहत ठेवण्याची गरज नाही. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात एका वाटीत मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतपतच पाणी घालावे. बंद डब्यातली हवा काही तासांत सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. कोकणासाठी तेवढे पुरत नाही, तिथे मिठाऐवजी शेतीच्या दुकानात मिळणारे म्युरेट ऑफ पोटॅश घ्यावे, त्याने आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांपर्यंत जाते. वाटीला स्पर्श होणार नाही अशा बेताने डब्यात फळीचा चार-सहा भोकांचा तुकडा आणि काही सोंगट्या ठेवाव्यात, त्यांतल्या निम्म्या भोकात बसवलेल्या आणि निम्म्या सुट्या. तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी प्रत्येक सोंगटी चारही दिशांना फिरवून काढून पाहावी आणि पेन्सिलीच्या खुणा तपासाव्यात. तिसऱ्या दिवसाची तपासणी टाळू नये, कारण खुंटी फुगलेली आणि फळी अजून कोरडी, ही सर्वांत कठीण स्थिती तेव्हाच असते. त्यानंतर तोच तुकडा सिलिका जेलच्या डब्यात आणखी तीन आठवडे ठेवावा आणि सोंगटी बसवून पट ४५ अंशांत कलता करावा. ओल्या डब्यात जी सोंगटी दोन बोटांनी निघाली आणि कोरड्या डब्यातून काढल्यावर कलत्या पटावरून पडली नाही, तिचेच माप मी पुढच्या पटासाठी कायम करतो.